घडीचा चाकू की अखंड? आधी तो राहणार कुठे ते ठरवा

रोजच्या वापरासाठी चाकू घ्यायला निघालेला माणूस दुकानात आधी पात्याची लांबी बघतो, मग पोलाद, मग किंमत. माझं म्हणणं असं की पहिला प्रश्न वेगळाच विचारावा: काम नसेल तेव्हा हा चाकू कुठे राहणार? कापायचं काम दिवसाकाठी पाच-दहा मिनिटांचं असतं. बाकी सगळा वेळ चाकू पँटच्या खिशात, गाडीच्या डिक्कीत, बागेतल्या क्रेटमध्ये नाहीतर दुकानाच्या गल्ल्यात पडून असतो. ती जागा एकदा ठरली की निम्म्याहून जास्त निर्णय झालेला असतो.

घडीचा चाकू म्हणजे ज्याचं पातं बिजागरीवर फिरून मुठीत मिटतं तो. अखंड म्हणजे ज्याचं पातं मुठीत कायमचं बसवलेलं असतं आणि ज्याला म्यान लागतं तो. घडीच्या चाकूची सगळी सोय त्या बिजागरीत आहे आणि सगळे दोषही तिथेच आहेत. अखंड चाकूत हलणारा भाग एकही नाही. तिथे जे काही बिघडतं ते बहुतेक म्यानापाशी.

खिशात राहणारा चाकू

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या किंवा बेदाण्याच्या पेढीवर काम करणाऱ्याला दिवसभर काय कापावं लागतं? पोत्याच्या तोंडाची शिवण, सुतळी, खोक्यावरची चिकटपट्टी, प्लास्टिकचा पट्टा. साताऱ्यात नोकरी करणाऱ्याला त्याहून कमी: कुरियरचं पाकीट, डब्यातलं फळ, कधी पेढ्याच्या खोक्याची दोरी. यातल्या कशालाही बोटाएवढ्या पात्यापेक्षा जास्त लागत नाही. इथे घडीचाच घ्यावा, याबद्दल मला शंका नाही. अखंड चाकू कमरेला लावून खुर्चीत बसलं की म्यान मांडीत रुततं, स्कूटरवर ते वर सरकतं, आणि चार माणसांत ते नजरेला खटकतं. मग चाकू घरीच राहायला लागतो. जवळ नसलेला चाकू कितीही मजबूत असला तरी उपयोगाचा नाही.

या जातीतले दोन नमुने शंभरहून जास्त वर्षं टिकून आहेत, आणि दोघांचं वागणं वेगळं आहे. स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये कार्यशाळा काढली, १८९१ पासून तिथल्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीचा तो प्रसिद्ध लाल चाकू आणला. आज व्हिक्टोरिनॉक्स नावाने मिळतो तोच. त्याचा नेहमीचा आकार मिटलेल्या अवस्थेत ९१ मिलिमीटर. दुसरा फ्रान्सच्या सावॉय भागातल्या जोसेफ ओपिनेल यांचा, १८९० चा. लाकडी मूठ, एकच पातं. त्याच्या आठ नंबरच्या चाकूचं पातं साडेआठ सेंटिमीटर असतं आणि वजन पन्नास ग्रॅमच्या आत.

दोघांतला खरा फरक लॉकचा आहे. नेहमीच्या ९१ मिलिमीटरच्या स्विस चाकूत लॉक नाही. पाठीमागची स्प्रिंग पात्याला उघडं धरून ठेवते, इतकंच. धारेच्या बाजूने दाब असेपर्यंत पातं मिटण्याचा प्रश्नच येत नाही, कारण कापताना पातं आणखी उघडण्याच्या दिशेने रेटलं जातं. धोका येतो तो टोक खुपसताना, भोक पाडताना किंवा अडकलेलं पातं मागे ओढताना. तेव्हा जोर पात्याच्या पाठीवर येतो, स्प्रिंग हार मानते आणि पातं थेट बोटांवर मिटतं. पोत्यात टोक घुसवून फाडायची सवय असलेल्या माणसाने लॉक नसलेला चाकू घेऊ नये, हे मी कळकळीने सांगतो. तर्जनीवर आडवी बसलेली धार शिरेपर्यंत जाते, आणि बोट वाकवणारी शीर तुटली तर ऑपरेशनशिवाय इलाज नसतो.

ओपिनेलमध्ये १९५५ पासून फिरती कडी आहे. पातं उघडून कडी वळवली की ते अडकून बसतं. साधी, डोळ्यांना दिसणारी, बिघडायला फारसं काही नसलेली युक्ती. फक्त दोन्ही हात लागतात, आणि वळवायची आठवण ठेवावी लागते. हल्ली बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो लायनर लॉक: मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी उघडलेल्या पात्याच्या मागे सरकून उभी राहते. चांगल्या बनावटीत तो भरवशाचा असतो. स्वस्त मालात ती पट्टी पातळ असते, पात्याच्या बुडाशी जेमतेम टेकते आणि काही महिन्यांच्या वापरात घसरायला लागते. म्हणजे लॉक आहे असं समजून आपण जोर लावतो आणि ऐन वेळी ते सुटतं. कच्चं लॉक असण्यापेक्षा लॉक नसलेला आणि तसा जपून वापरला जाणारा चाकू बरा.

खटक्याचा किंवा बटण दाबून उघडणारा चाकू कुणालाही सुचवणार नाही. त्याची स्प्रिंग लवकर मरते, खिशात चुकून उघडू शकतो, आणि पोलिसांच्या नजरेत त्याची ओळख हत्यार म्हणूनच आहे.

शेतात, डिक्कीत, पेटीत राहणारा चाकू

तासगावकडच्या द्राक्षबागेत चित्र पूर्ण बदलतं. घड विरळायला आणि छाटणीला कात्री असते, ऊसतोडीला कोयता असतो, त्यामुळे चाकूच्या वाट्याला येतात ती मधली कामं: ठिबकची नळी कापणं, वेलीच्या बांधणीची सुतळी तोडणं, खताच्या पोत्याचं तोंड उघडणं, वायरचं आवरण सोलणं. हात मातीने किंवा फवारणीच्या पाण्याने ओले असतात, आणि बऱ्याचदा एका हातात नळी किंवा ओलांडा (वेलीची मुख्य आडवी फांदी) धरलेला असतो. नखाने खाच पकडून पातं उघडायचं तर दुसरा मोकळा आणि कोरडा हात हवा. अखंड चाकू म्यानातून एका हाताने निघतो आणि एका हाताने परत जातो.

त्याहून महत्त्वाचं कारण बिजागरीचं. द्राक्षाचा रस, उसाचा रस, चिकटपट्टीचा गोंद, काळी माती हे सगळं त्या फटीत जाऊन बसतं. आठवडाभर साफ केला नाही तर पातं जड फिरतं, लॉक पूर्ण बसत नाही, आणि आत मुंग्या लागतात त्या वेगळ्याच. अखंड चाकू नळाखाली धरला, फडक्याने पुसला की झालं. त्याच चाकूने दुपारी कांदा-काकडी कापणार असाल तर ही स्वच्छता मोठी गोष्ट आहे.

अखंड चाकूत पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं आहे की नुसतं दोन इंच आत रोवलेलं, हे बघा. शेवटपर्यंत गेलेल्याला बाजारात फुल टँग म्हणतात. तो जड असतो, पण रेटा सहन करतो. मात्र हलक्या कामाला अर्ध्यावर गेलेलं पातंही पुरतं. स्वीडनच्या मोरा गावचे साधे प्लास्टिक मुठीचे चाकू असेच असतात, सुमारे दहा सेंटिमीटर पात्याचे, आणि सुतार-शेतकऱ्यांच्या हातात ते वर्षानुवर्षं टिकतात.

आपल्याकडचा तितकाच चांगला पर्याय म्हणजे गावचा लोहार. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून केलेलं पातं मी कारखान्यातल्या स्वस्त स्टेनलेसपेक्षा कधीही पसंत करेन. कमानपाट्याचं पोलाद मुळात लवचीक आणि चिवट असतं. ते सहसा तुटत नाही, धार धरतं. सगळं अवलंबून असतं पाणी देण्यावर. पातं तापवून बुडवताना कमी तापलं तर धार लगेच वळते, बुडवल्यावर पुन्हा हलकं तापवून उतरवलं नाही तर काठ टवके सोडतो. म्हणून ज्या लोहाराचे विळे-कोयते तुमच्या गावात चालतात त्याच्याकडेच चाकू करून घ्या, आणि पातं चार इंचांच्या आत ठेवायला सांगा. लोहाराचा हात मोठ्या हत्याराला सरावलेला असतो. सांगितलं नाही तर तो सात इंचांचा सुरा घडवून देतो आणि तो मग रोज जवळ बाळगण्यासारखा राहत नाही.

एक अपवाद सांगायलाच हवा. द्राक्षाच्या डॉगरीज जातीच्या खुंटावर पाचर कलम करणाऱ्याचा चाकू या तुलनेत बसत नाही. तो घडीचा असो वा अखंड, त्याला एकाच बाजूने धार हवी, म्हणजे पाचरीची बाजू सपाट निघते. आणि त्या चाकूने दुसरं काहीही कापू नये. सुतळी एकदा कापली तरी काठ बिघडतो.

पाऊस आणि गंज

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत हवामान इतकं बदलतं की पोलादाचा सल्ला तालुका विचारूनच द्यावा लागतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. माण, खटाव, जत हा कोरडा पट्टा. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे राहत असाल तर स्टेनलेस घ्या आणि म्यान प्लास्टिकचं, तळाला पाणी निघायला भोक असलेलं. चामड्याचं म्यान दिसायला देखणं, पण पावसाळ्यात ते ओल धरून ठेवतं आणि स्टेनलेस नसलेल्या, म्हणजे कार्बन पोलादाला आतल्या आत गंज चढतो. लाकडी मुठीचे घडीचे चाकू तिथे आणखी एक त्रास देतात: लाकूड फुगतं आणि पातं मुठीत घट्ट अडकून बसतं. पूर्व भागात मात्र कार्बन पोलाद खुशाल वापरा. द्राक्ष किंवा लिंबू कापल्यावर त्यावर जो काळपट थर येतो तो गंज नव्हे. तांबडं दिसलं तरच घासा. पात्याला खोबरेल तेलाचा हात आणि बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब, एवढी निगा बास.

धारेबाबत अखंड चाकू थोडा पुढे आहे. दगडावर धरायला लांब मूठ मिळते, आणि मोरासारख्या चाकूंची रुंद उतरती बाजू दगडावर सपाट टेकते, त्यामुळे नवशिक्यालाही कोन सापडतो.

कायदा आणि लोकांची नजर

शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेले आहेत. आपण बोलतोय ते चाकू याच्या निम्म्यानेही नाहीत. पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली सण, निवडणूक, आंदोलन अशा काळात जिल्ह्यात मनाई आदेश निघतात आणि त्यांत सुरे, काठ्या, इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर नेण्यावर बंदी असते. तिथे पात्याची लांबी मोजली जात नाही. गणपतीची मिरवणूक, जत्रा, सभा, कोर्ट, दवाखाना इथे जाताना दोन्हीपैकी कुठलाच चाकू बरोबर नको. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात द्यावा लागतो.

ट्रेकला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. वासोट्याला बामणोलीहून लाँचने जाता तेव्हा तुम्ही कोयना अभयारण्यात शिरता. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूचाही उल्लेख आहे. चांदोलीलाही तेच लागू. "भाजी कापायला आणलाय" हे खरं असलं तरी वनरक्षकाला अडचणीत टाकू नका. भाजी घरून चिरून न्या आणि चाकू गाडीत ठेवा. अजिंक्यतारा किंवा सज्जनगडावर असा अभयारण्याचा नियम नाही, पण तिथेही कमरेला म्यान लटकवून भाविकांत फिरणं मला योग्य वाटत नाही. पिशवीच्या तळाशी मिटलेला चाकू असेल तर कुणाला त्रास नाही. या बाबतीत घडीचा चाकू स्पष्टपणे वरचढ आहे.

संरक्षणासाठी म्हणून चाकू घेणाऱ्याला मी दोन्हींपासून परावृत्त करेन. भांडणात बाहेर निघालेला चाकू प्रसंग हाताबाहेर नेतो, आणि नंतर गुन्हा तो काढणाऱ्यावरही दाखल होतो.

मी काय सुचवेन

दुकान, ऑफिस, कॉलेज, एसटीचा प्रवास: घडीचा, तीन इंचांपर्यंत पात्याचा. टोक खुपसायची कामं असतील तर लॉकचा, नसतील तर बिनलॉकचा स्विस चाकू पुरतो आणि कात्री-पेचकस वर मिळतात. बाग, गोठा, ड्रिपचं काम, इलेक्ट्रिशियनची पेटी: अखंड, चार इंचांच्या आत, स्वच्छ होणाऱ्या मुठीचा. शेतही करतो आणि तालुक्यालाही रोज जातो अशा माणसाने मधला जाडजूड घडीचा चाकू शोधत बसू नये. तो खिशाला जड होतो आणि मातीत अडकतोच. साधा अखंड शेतावर ठेवावा, छोटा घडीचा खिशात. दोन्ही साधे घेतले तर एका भारी चाकूपेक्षा खर्च कमी येतो.

घेताना हातात घेऊन बघा. घडीचा असेल तर उघडून पातं डावी-उजवीकडे हलवा. जाणवेल इतकं डगमगलं तर ठेवून द्या. मग लॉकचा असेल तर बोटं धारेच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडी काउंटरवर बेताने दाबा. लॉक जरासुद्धा सरकलं तर तोही नको. अखंड असेल तर म्यान उलटं धरून, खाली कुणाचा पाय नाही हे पाहून, झटका द्या. चाकू निसटला तर म्यान बदलून मागा, नाहीतर दुसरा बघा.