बिटमोजी, मेमोजी आणि 'घोडबंदरला अडकलोय'

चॅटमध्ये स्वतःचा कार्टून चेहरा हवा असेल, तर आयफोनवर मेमोजी आणि अँड्रॉइडवर बिटमोजी हे सर्वांत सोपे पर्याय. दोन्ही फुकट. ठाण्यातल्या सोसायटी ग्रुपवर, नातेवाइकांत आणि ऑफिसात वापरायचं म्हटलं, तर दोन्हींच्या मर्यादा मात्र लगेच उघड्या पडतात.

मेमोजी २०१८मध्ये आयओएस १२ या आयफोनच्या प्रणालीसोबत आलं. वर्षभराने आयओएस १३मध्ये त्याची स्टिकर मिळू लागली आणि चेहरा ओळखणारा कॅमेरा नसलेल्या फोनवरही ती चालू लागली. इथे रंग, केस, भुवया, डोळे, दाढी असा एकेक भाग हाताने निवडावा लागतो. वेळ जातो, पण चेहरा जमतो. नाकाच्या आकारावर रेंगाळू नका. ओळख पटते ती भुवया, चष्मा आणि कपाळावरच्या केसांच्या रेषेवरून. नाकाला टोचणी (पिअर्सिंग) मिळते, नथ नाही. डोक्याला पगडीसारखं काही मिळतं, पण पाडव्याच्या स्वागतयात्रेतला फेटा तो नव्हे.

बिटमोजी मूळ टोरोंटोच्या बिटस्ट्रिप्स या कंपनीचं. २०१६मध्ये ते स्नॅपचॅटवाल्या स्नॅप कंपनीने विकत घेतलं. अंगभर कपडे आणि प्रसंगचित्रं यांत ते मेमोजीच्या पुढे आहे. सुरुवातीला सेल्फी घ्यायची तर खिडकीपाशी, दिवसा घ्या. पिवळ्या दिव्याखाली कातडीचा रंग फसतो. चष्मा काढून फोटो घ्या आणि नंतर यादीतून चढवा. चित्रांवरचा मजकूर मात्र बहुतांशी इंग्रजी, त्यामुळे आत्याला पाठवताना परकं वाटतं.

म्हणून आमचा सल्ला: तयार चित्रावर समाधान मानू नका, त्यावर स्वतःचं वाक्य टाका. कोणतंही चित्र जतन करून व्हॉट्सअॅपच्या स्टिकर विभागात नवं स्टिकर तयार करता येतं. पार्श्वभूमी अॅप स्वतः कापतं. स्क्रीनशॉट घेतलात तर मागे एकसलग फिका रंग ठेवा, नाहीतर काळे केस पार्श्वभूमीसोबत कापले जातात.

व्हॉट्सअॅपसाठी स्टिकरांचा पूर्ण पॅक करायचा असेल तर माप पक्कं आहे: ५१२ बाय ५१२ पिक्सेल, वेबपी (.webp) प्रकारची फाइल, स्थिर चित्र १०० केबीच्या आत, हलतं ५०० केबीच्या आत. पॅकमध्ये किमान ३, कमाल ३० स्टिकर. कडेला १६ पिक्सेल मोकळे सोडा आणि चित्राभोवती ८ पिक्सेलची पांढरी रेघ द्या. ती नसली तर डार्क मोडमध्ये काळे केस आणि काळा चष्मा दोन्ही गडप होतात.

सगळ्यात जास्त घोळ देवनागरीत होतो. काही एडिटरमध्ये जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे सरकते. 'उपस्थिती' टाइप करून बघा. ते नीट उमटलं तरच पुढे जा. फॉन्ट जाड हवा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'बालू' हा फॉन्ट मोफत आहे आणि लहान आकारातही वाचता येतो. शब्द दोन, फार तर तीन. 'घोडबंदरला अडकलोय' बसतं. 'तीन हात नाक्याला सिग्नल लागला आहे, दहा मिनिटांत पोचतो' हे साध्या मेसेजमध्येच लिहा. मजकूर चेहऱ्याच्या खाली, चौकटीच्या तळच्या चौथाईत ठेवा. हावभाव मुळापेक्षा भडक असू द्या, कारण चॅटमध्ये स्टिकर बोटाच्या दोन पेरांएवढंच दिसतं आणि मंद हसू तिथे रागच वाटतो.

पाठवलेलं स्टिकर समोरचा साठवून पुढे पाठवू शकतो. तुम्ही ते सर्वांसाठी डिलीट केलं, तरी त्याने साठवलेलं तसंच राहतं. तेव्हा चिडलेला चेहरा आणि 'मेंटेनन्स भरा' असं स्टिकर सेक्रेटरींनी करायला हरकत नाही, पण त्यावर कुणाचा फ्लॅट नंबर घालू नये.