पॅनेल कशाचं करायचं: पत्रा, ॲक्रिलिक की सर्किट बोर्ड?

इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या डब्याची नॉब-स्विचांची समोरची बाजू म्हणजे पॅनेल. त्याचा एकच नग करायचा असेल तर एवढा विचार करू नका. प्लास्टिकचा डबा, हातातलं ड्रिल, वर छापलेला स्टिकर, झालं काम. शंभराच्या पुढे करायचे असतील तरी फारसा प्रश्न नाही. तेवढ्या संख्येला स्क्रीन प्रिंटवाला आनंदाने फ्रेम बनवतो, पत्रेवाला ड्रॉइंग नीट बघतो आणि दोघांचाही सुरुवातीचा खर्च नगांमध्ये वाटला जातो. ओढाताण होते ती मधल्यांची. दहा-वीस नग, तेही हौसेखातर किंवा ओळखीत द्यायला, पण समोरून वस्तू दुकानातून आणल्यासारखी दिसली पाहिजे, असा हट्ट असणाऱ्यांची.

माझं काम मुख्यतः दोन प्रकारचं. भजनी मंडळांसाठी चार चॅनेलचे छोटे मिक्सर, आणि डिप्लोमाच्या मुलांसाठी टेबलावरचे पॉवर सप्लाय. दोन्हींचं पॅनेल वीतभर लांब. त्यावर पाच-सहा पॉट (नॉब लावून फिरवायचे पोटेन्शिओमीटर), दोन टॉगल स्विच, एक-दोन एलईडी, काही सॉकेट. एवढ्याशा आकारासाठी मी मुंबईत मिळतील ते सगळे रस्ते चालून पाहिले आहेत. मोजपट्टी लावून केलेली ही तुलना नाही, अनुभवावरून सांगतो आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

थ्रीडी प्रिंटचं पॅनेल मी या शर्यतीत धरत नाही. डिस्प्लेभोवतीची चौकट, बटणांच्या टोप्या यासाठी ते उत्तम. पण समोरचा अख्खा पृष्ठभाग म्हणून त्याच्या रेघा दिसतातच, आणि साधं पीएलए, म्हणजे थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक, साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत मिक्सर राहिला तर काय होईल, याचा विचार करून बघा.

आता ॲल्युमिनियम. त्याच्याशी माझं काही वैर नाही. हातात घेतल्यावर वजन लागतं, टॉगल ओढला तरी पत्रा हलत नाही, अर्थिंग जोडलं की गुरगुर कमी होते, रेग्युलेटर मागून टेकवला तर तोही थंड राहतो. घरी भोकं पाडणार असाल तर नागदेवी स्ट्रीटवर जाऊन एक बरा स्टेप ड्रिल घ्या. साध्या ड्रिलने पातळ पत्र्यात मोठं भोक पाडलं की ते गोल होत नाही, तिकोनी होतं. शिवाय पलीकडे कंगोरे येतात ते कानशीने घासत बसावं लागतं. आधी सेंटर पंच, मग तीन मिलिमीटरचं भोक, मग स्टेप ड्रिल, आणि टोकाला केरोसीनचा थेंब. दोन-तीन पॅनेलं अशी छान होतात. दहावं करताना मात्र हात कंटाळतो आणि ते पॅनेलवर दिसतं.

म्हणून लोक साकीनाक्याकडे वळतात. तिथल्या गाळ्यांमध्ये फायबर लेझरवर पत्रा कापून मिळतो, भोकं अगदी मापात येतात, कडा वाकवूनही देतात. इथपर्यंत सगळं गोड. पुढे पावडर कोटिंग दुसऱ्या गाळ्यात. कोटिंगचा थर भोकाच्या आतल्या कडेवरही चढतो, त्यामुळे पॉटसाठी बरोबर सात मिलिमीटरचं भोक ठेवलं असेल तर पॉट आत जायला कुरकुरतो. ड्रॉइंगमध्येच थोडं सैल ठेवायचं. हेही चालण्यासारखं आहे. खरी गंमत तिसऱ्या ठिकाणी होते, अक्षरं छापताना.

पॉटभोवती शून्य ते दहाची गोल पट्टी असते, ती डोळ्यांसमोर आणा. ती भोकाशी एककेंद्री असली तर कोणाचंच लक्ष जात नाही. एक मिलिमीटर सरकली की कुंकू कपाळाच्या एका बाजूला लागल्यासारखं दिसतं. नॉब बसवल्यावर एकीकडे आकडे नॉबखाली शिरतात आणि दुसरीकडे मोकळं अंगण राहतं. सहा पॉट एका रांगेत असले तर सहाही एकाच दिशेला सरकलेले. आणि यात कोणाची चूक काढावी हे कळत नाही. लेझरवाल्याने भोकं ड्रॉइंगप्रमाणे पाडलेली असतात. यूव्ही प्रिंटवाल्याने फाइल ड्रॉइंगप्रमाणेच लावलेली असते. पण तो पॅनेल टेबलाच्या कोपऱ्याला टेकवून कडेवरून माप धरतो, आणि वाकवलेल्या पत्र्याची कड प्रत्येक नगात थोडी इकडेतिकडे असते, वर कोटिंगचा थर. भोकाचं माप एकीकडून, अक्षराचं दुसरीकडून. मी हे दाखवलं की प्रिंटवाल्याचं ठरलेलं उत्तर, "साब, एक एमएम में क्या होता है." त्याच्या धंद्यात खरंच काही होत नाही. तो ट्रॉफीच्या पाट्या आणि मोबाइलची कव्हरं छापतो.

उपाय आहेत. भोकांत बसणाऱ्या खुंट्यांची जिग (पॅनेल जागेवर धरणारा साचा) बनवून द्यायची, म्हणजे पॅनेल कडेवर नाही, भोकावर टेकतं. मी बनवून दिली आहे. पण छापणारा माणूस बदलला की जिग कपाटात जाते. आधी छापून मग भोक पाडायचं म्हटलं तर भोकाच्या काठावर छपाईचे टवके उडतात. ॲल्युमिनियमचं बाकी सगळं मला आवडतं, पण या एका कटकटीपुढे मी हात टेकले. समजूतदार प्रिंटवाला ज्याच्या ओळखीत आहे त्याने हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

त्यानंतर माझ्यासाठी प्रश्न सोपा झाला. भोक आणि अक्षर एकाच फाइलमधून, शक्यतो एकाच छताखाली निघालं पाहिजे. असं करणारे दोन पर्याय उरतात.

पहिला ॲक्रिलिक, किंवा नेमप्लेटवाले वापरतात ती डबल कलर शीट. लेझर एकाच सेटिंगमध्ये अक्षरं कोरतो आणि भोकंही कापतो, म्हणून गोल पट्टी भोकाभोवती अचूक बसते. दादरपासून बोरिवलीपर्यंत असे दुकानदार भरपूर, फाइल सकाळी दिली तर कधीकधी संध्याकाळी माल हातात. घाई असेल तर यासारखं दुसरं काही नाही. पारदर्शक ॲक्रिलिकवर मागून उलटं कोरून रंग भरला तर दिसतंही सुंदर. फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून द्या. नाहीतर त्यांच्या कोरल ड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये तुमचा फॉन्ट नसला की ओहमच्या चिन्हाच्या जागी डब्ल्यू उमटतो, आणि जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी तर ओळखूसुद्धा येत नाही.

अडचण पुढे येते, नट आवळताना. ॲक्रिलिक फार सोसत नाही. पाना जरा जास्त फिरला की भोकापासून कडेपर्यंत चीर जाते, आणि हे पॅनेल सगळं जोडून झाल्यावर, शेवटच्या नटाला होतं. फायबरचा वॉशर घातला तर धोका कमी होतो, जात नाही. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते: लेझरने कापलेल्या कडेत उष्णतेमुळे ताण साठलेला असतो, आणि त्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागलं की बारीक तड्यांचं जाळं पसरतं. आपण सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स त्यानेच पुसतो. भजनाच्या बैठकीत कोणी सॅनिटायझरच्या ओल्या हाताने नॉब फिरवला तरी तेच. शिवाय तीन मिलिमीटरची शीट पॉटच्या आट्यांची बरीच लांबी खाऊन टाकते. छोट्या टॉगलला तर नट धरायला जेमतेम दोन आटे उरतात. डबल कलर शीट पातळ असते आणि इतकी तडकत नाही, पण एकटी उभी राहत नाही, तिला मागून काहीतरी आधार द्यावा लागतो.

दुसरा पर्याय, आणि सध्या माझी गाडी तिथेच येऊन थांबली आहे, तो म्हणजे सर्किट बोर्डचंच पॅनेल. सर्किट नसलेला बोर्ड. एफआर-4 (बोर्डचं नेहमीचं काचतंतूंचं साहित्य), 1.6 मिलिमीटर, सोल्डर मास्कचा रंगीत थर, वर पांढरी छपाई. सिंथेसायझरची मॉड्यूलं करणारे लोक हे कित्येक वर्षं करत आहेत, यात माझी अक्कल काही नाही. किकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीसारखी बोर्डची बाह्यरेषा काढायची, भोकं ठेवायची, अक्षरं सिल्कस्क्रीनच्या, म्हणजे त्या पांढऱ्या छपाईच्या लेयरवर टाकायची आणि गर्बर (कारखान्याला लागणारी आखणी) पाठवायचे. भोक पाडणारं मशीन आणि अक्षर छापणारं मशीन वेगळी असली तरी दोघांच्या खुणा एकाच फाइलमधल्या असतात, आणि छपाई जागेवर बसवणं हा त्या कारखान्याचा रोजचा धंदा आहे. तिथे एक मिलिमीटर म्हणजे माल नापास. पहिला नग आणि शेवटचा नग शेजारी ठेवून पाहिले तर मला तरी फरक सापडत नाही.

एकदा या वाटेने गेलं की बारीकसारीक फायदे आपोआप हाती येतात. पॉटच्या अंगावर फिरू नये म्हणून एक छोटी जिभली असते. पत्र्यावर काम करताना बहुतेक जण ती पक्कडीने मोडून टाकतात, मग वापरात पॉट सैल होऊन स्वतःभोवती फिरतो आणि मागच्या वायरी तुटतात. इथे जिभलीसाठी आणखी एक भोक ठेवायला काही खर्च नाही, ते नॉबखाली झाकलंही जातं. मागच्या बाजूला अख्खा कॉपर ठेवून ग्राउंडला जोडला की शिल्डिंगचंही बऱ्यापैकी काम होतं. नॉबला हात लावल्यावर येणारी घूं माझ्या मिक्सरमध्ये गेली. एलईडीच्या जागी दोन्हीकडचा कॉपर आणि मास्क काढून टाकला तर एफआर-4 अर्धपारदर्शक असतं, भोक न पाडता मागून मऊ उजेड येतो. मंडपाच्या अर्धवट प्रकाशात तो डोळ्यांना फार बरा वाटतो.

मराठी अक्षरांसाठी दोन शब्द, कारण मंडळातल्या काकांना "गेन" आणि "ट्रेबल" देवनागरीत लागतं. किकॅडच्या सातव्या आवृत्तीपासून आपला फॉन्ट वापरता येतो. मी मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा, मुक्त परवान्याचा 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट वापरतो, जरा जाड वजनात. सिल्कस्क्रीनची रेघ साधारण 0.15 मिलिमीटरपेक्षा बारीक झाली की तुटायला लागते, आणि देवनागरीत वरची वेलांटी, खालचा उकार यांना जागा लागते. इंग्रजीत दीड मिलिमीटर उंचीवर भागतं, देवनागरीत मी तीनच्या खाली जात नाही. जोडाक्षरं गर्बर व्ह्यूअरमध्ये एकदा डोळ्यांखालून घालाच.

उणिवा आहेत, लपवत नाही. वीतभरापेक्षा लांब पॅनेल असलं तर 1.6 मिलिमीटर लवतं. जॅक काढताना बोटांना जाणवतं. काही ठिकाणी 2 मिलिमीटरही मिळतं, किंवा मध्ये एक स्पेसर द्या. कड पिवळट दिसते, तिच्यावर काळा मार्कर फिरवावा लागतो. डिस्प्लेच्या चौकोनी खिडकीचे आतले कोपरे गोल येतात, कारण ते राउटरच्या बिटने कापलेले असतात. फार खटकलं तर कानस. मॅट काळा मास्क फोटोत देखणा, हातात घेतल्यावर सगळे ठसे दाखवणारा. आणि वाट पाहावी लागते. चीनहून मागवलं तर बोर्ड स्वस्त, पण कुरिअर आणि कस्टम धरून हिशोब करा. आपल्याकडचे कारखाने नगामागे महाग पडले तरी छोट्या पॅनेलला फरक सोसण्याइतका असतो. 100 × 100 मिलिमीटरच्या आत बसवता आलं तर अनेक ठिकाणी दर एकदम खाली येतो, पण त्या मोहापायी नॉब एकमेकांना चिकटवू नका. जाड बोटांची माणसं ते वापरणार आहेत.

एका बाबतीत मात्र मी अजून पत्र्यालाच धरून आहे. जिथे 230 व्होल्ट डब्यात येतात तिथे मागचं पॅनेल ॲल्युमिनियमचं, त्यात आयईसी सॉकेट (कॉम्प्युटरला मागे असतं तसं पॉवर केबलचं) आणि फ्यूज, आणि अर्थची वायर पत्र्याला दातेरी वॉशर घालून आवळलेली. त्या पॅनेलवर अक्षरं फारशी नसतातच, त्यामुळे प्रिंटवाल्याचा प्रश्नही येत नाही. समोरचं एफआर-4 त्या डब्यात वापरायचं तर त्यावरचा कॉपर एकतर पूर्ण काढा किंवा अर्थला जोडा, अधांतरी ठेवू नका.

तेव्हा परवाच्या प्रदर्शनासाठी दोन नग हवे असतील तर लेझरवाल्याकडे जा. पॅनेल फूटभर लांब असेल, त्यावर लोक जोरात हात मारणार असतील, तर पत्रा. बाकी वीतभराच्या पॅनेलचे दहा-वीस नग करायचे असतील, आणि आठवडा-दोन आठवडे थांबायची तयारी असेल, तर मी बोर्डच मागवीन. पॅनेलवरची भोकं प्लेटिंगशिवाय (आत कॉपरचा थर न चढवता) हवीत हे फाइलमध्ये स्पष्ट करा, आणि ऑर्डरच्या शेऱ्यात कारखान्याचा जॉब नंबर मागच्या बाजूला छापायला सांगा. सांगितलं नाही तर तो आकडा बरोबर व्हॉल्यूमच्या नॉबशेजारी येतो.