मुक्त व्यापार करार: देशातल्या कामगाराने कोणत्या बाजूने उभं राहावं?

मुक्त व्यापार करार, म्हणजे एकमेकांच्या मालावरचं आयात शुल्क उतरवण्याचा दोन किंवा अधिक देशांमधला करार, व्हायचा असला की कामगारांपुढे दोन भाषणं होतात. पहिलं म्हणतं, निर्यात वाढेल, नोकऱ्या येतील. दुसरं म्हणतं, स्वस्त मालाचा लोंढा येईल, कारखान्यांना कुलपं लागतील. दोन्ही भाषणं खरी आहेत, पण वेगवेगळ्या कामगारांसाठी.

कॅनडा आणि अमेरिका यांच्यातला करार १९८९ मध्ये लागू झाला. अर्थतज्ज्ञ डॅनियल ट्रेफ्लर यांनी त्याचे परिणाम मोजले, आणि दोन्ही बाजू शेजारीशेजारी ठेवायला त्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. कॅनडाने ज्या उद्योगांवरचं आयात शुल्क सर्वांत जास्त उतरवलं, तिथला रोजगार १२ टक्क्यांनी घटला. त्याच उद्योगांची उत्पादकता, म्हणजे दर कामगारामागचं उत्पादन, १५ टक्क्यांनी वाढली, कारण कमकुवत कारखाने आक्रसले किंवा बंद पडले. उलट, अमेरिकेने ज्या मालावरचं शुल्क सर्वांत जास्त कमी केलं, तो बनवणाऱ्या कॅनडातल्या कारखान्यांची उत्पादकता १४ टक्क्यांनी वाढली. देशाच्या ताळेबंदात हा नफाच आहे. पण त्या १२ टक्क्यांत ज्याची नोकरी गेली, त्याच्या घरात उत्पादकतेचा आकडा शिजत नाही. नव्या नोकऱ्या पुढे येतातही, मात्र त्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या कौशल्याच्या असतात. पन्नाशीच्या कामगाराला हे अंतर कापणं फार जड जातं.

फायदा सगळ्या ग्राहकांत थोडाथोडा वाटला जातो, नुकसान मात्र ठरावीक वस्त्यांवर एकदम कोसळतं. म्हणून ‘एकूण फायदा किती’ हा आकडा कोणी पुढे केला, तर त्यावर निर्णय घेऊ नका.

भाषणांऐवजी कराराच्या शेवटी जोडलेलं शुल्क-कपातीचं वेळापत्रक उघडा. त्यात प्रत्येक मालाच्या सांकेतिक क्रमांकापुढे शुल्क किती वर्षांत शून्यावर येणार ते लिहिलेलं असतं. आपला माल पहिल्याच दिवशी खुला होतोय की दहा वर्षांनी, यावर बरंच काही ठरतं. दहा वर्षांत जुने लोक निवृत्त होतात, नवी यंत्रं येतात. तरीही कागदावरच्या मुदतीवर डोळे झाकून विसंबू नये. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या १९९४ च्या ‘नाफ्टा’ करारात मेक्सिकोच्या मक्याला १५ वर्षांचं संरक्षण होतं: ठरलेल्या कोट्यापलीकडे येणाऱ्या मक्यावर शुल्क लागायचं होतं. प्रत्यक्षात कोट्यापलीकडचा मका आला, आणि मेक्सिकोच्या सरकारने ते शुल्क बहुतांशी वसूलच केलं नाही. शेतकऱ्याला मिळालेली मुदत त्याच्याच सरकारने घालवली.

कामगार हक्कांचं प्रकरण आता बऱ्याच नव्या करारांत असतं. बहुतेक ठिकाणी ते शोभेचं असतं, कारण मोडलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. २०२० मध्ये ‘नाफ्टा’च्या जागी आलेल्या करारात मात्र एकेका कारखान्याविरुद्ध तक्रार करता येते, आणि हक्क डावलले गेल्याचं ठरलं तर त्या कारखान्याच्या मालाची शुल्क-सवलत जाऊ शकते. मेक्सिकोतल्या सिलाओ इथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात २०२१ मध्ये हेच कलम वापरलं गेलं. जुन्या वेतन करारावरचं कामगारांचं मतदान पुन्हा घ्यावं लागलं, त्यांनी तो फेटाळला, २०२२ मध्ये स्वतंत्र संघटना निवडली आणि ८.५ टक्के पगारवाढ मिळवली. सीमेपलीकडचा पगार वाढला की अलीकडचा कारखाना तिकडे हलवण्याचा मोहही कमी होतो, म्हणून या कलमाकडे मी जास्त लक्ष देतो.

करार नाकारला म्हणजे नोकरी वाचली, असंही नाही. यंत्रं माणसांची जागा घेतच राहतात, आणि कच्चा माल महाग राहिला तर निर्यात करणारा कारखाना मागे पडतो. तुमचा उद्योग निर्यातीवर जगत असेल, तर विरोध तुमच्याच अंगावर येईल.

आयातीशी झुंजणाऱ्या उद्योगात असाल तर प्रश्न एकच: नोकरी गेल्यावर प्रशिक्षण आणि भत्ता कोण देणार, आणि किती वर्षं? आयातीमुळे बेकार झालेल्यांसाठी अमेरिकेत १९६२ पासून सरकारी योजना होती. तिची मुदत संसदेने वाढवली नाही, आणि जुलै २०२२ पासून नव्या कामगारांना तिचं दार बंद झालं. करार मात्र चालूच राहिले. म्हणून आश्वासनावर मी समाधान मानणार नाही. मदतीचा कायदा आणि त्यासाठीचा पैसा करार लागू होण्याआधी मंजूर झालेला नसेल, तर अशा उद्योगातल्या कामगाराने विरोधातच उभं राहावं.