टॅलिलिन रेल्वे, वेल्स: नुसतं बसून परत येऊ नका, हात काळे करून या

सरळ सांगतो, आगगाडीचं वेड असेल आणि यूकेत राहात असाल किंवा फिरायला येणार असाल तर लंडनमधली एकदोन ठिकाणं कमी करा, पण वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टाउइन गावात जाऊन टॅलिलिन रेल्वे बघाच. आणि जमलं तर तिकीट काढून वर जाऊन खाली येण्यापुरतं नाही, थोडे दिवस तिथे कामाला जा. मी दोन्ही केलंय. आधी प्रवासी म्हणून गेलो, मग ही रेल्वे चालवणाऱ्या सोसायटीचा मेंबर झालो आणि आता सुट्टी मिळाली की बर्मिंगहॅमहून डब्यांच्या कामाला जातो, म्हणून हा रिव्ह्यू दोन्ही बाजूंनी लिहितोय. पाचपैकी पाच स्टार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ब्रिन एग्लुइस नावाच्या खाणीतली पाटीची फरशी समुद्राकडे आणायला १८६५ च्या सुमाराला ही लाइन टाकली, गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, २ फूट ३ इंच, म्हणजे आपल्या माथेरानच्या २ फुटीपेक्षा तीनच इंच जास्त. पुढे सर हेडन जोन्स नावाच्या खासदारांनी खाण आणि रेल्वे दोन्ही घेतलं आणि मी जिवंत आहे तोवर गाडी चालवणार असा शब्द दिला. १९४६ च्या डिसेंबरात खाण ढासळली, माल बंद झाला, तरी त्यांनी गाडी चालूच ठेवली. १९४८ ला ब्रिटिश सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्या तेव्हा ही एवढीशी लाइन यादीतच आली नाही. १९५० च्या जुलैत सर हेडन गेले आणि सगळ्यांना वाटलं झालं, आता रूळ उपटून भंगारात जाणार.

तेव्हा लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी बर्मिंगहॅमच्या इंपीरियल हॉटेलमध्ये ११ ऑक्टोबर १९५० ला मीटिंग बोलावली, सर हेडनच्या पत्नी लेडी हेडन यांच्याशी बोलून रेल्वे चालवायला घेतली आणि १४ मे १९५१ ला त्यांची पहिली गाडी सुटली. साध्या लोकांनी, नोकरीधंदा सांभाळून, सुट्टीत येऊन, पगार न घेता चालवलेली जगातली पहिली रेल्वे ही. आज यूकेभर ज्या हेरिटेज, म्हणजे जपून चालवलेल्या जुन्या लाइन दिसतात त्यांची सुरुवात इथे झाली. मी राहतो त्याच शहरात ती मीटिंग झाली होती हे कळल्यापासून मला या लाइनबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते.

सुरुवातीची परिस्थिती काय होती ते ऐका. रूळ गवतात बुडालेले, स्लीपर कुजलेले, लाइन गेजमध्ये राहिली होती ती मातीने आणि गवताच्या मुळांनी धरून ठेवली म्हणून. दोन इंजिनं होती, एक नंबर टॅलिलिन १८६४ चं आणि दोन नंबर डोलगॉख १८६६ चं, त्यातलं एक नंबर चालण्याच्या अवस्थेतच नव्हतं, त्यामुळे पहिला सीझन म्हाताऱ्या डोलगॉखने एकट्याने ओढला. मग शेजारची कॉरिस रेल्वे बंद पडली होती तिची दोन इंजिनं प्रत्येकी २५ पौंडांना विकत घेतली, त्यांचे नंबर आधीपासूनच ३ आणि ४ होते त्यामुळे नंबरही बदलावे लागले नाहीत, मला हे इतकं आवडतं की भेटेल त्याला सांगतो. तीन नंबर रुळावर घातलं तर ते सारखं घसरायला लागलं, कारण वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाने रूळ फाकलेले आणि त्या इंजिनाच्या चाकाची धाव अरुंद. म्हणजे इंजिन दुरुस्त करून भागत नाही, रूळ, स्लीपर, खडी सगळंच नीट लागतं. आजही नवीन माणसाला तिथे खडी भरायचं किंवा स्लीपर बदलायचं काम मिळालं तर नाक मुरडू नका, गाडी त्याच्यावरच चालते.

आता इंजिनांवर सगळे लिहितात. मला डब्यांवर लिहायचंय कारण माझ्या मते या लाइनची खरी संपत्ती तीच आहे. १८६६ च्या आसपासचे मूळ चार डबे आणि गार्डाचा डबा, पाचच्या पाच अजून वापरात आहेत! काचेमागे ठेवलेले नाहीत, त्यात माणसं बसतात, लहान मुलं खिडकीला नाक लावतात, ओले रेनकोट सीटवर टाकतात. दीडशे वर्षांपेक्षा जुन्या लाकडी डब्यात बसून तुम्ही डोंगर चढता ही गोष्ट मला दुसरीकडे सहज मिळालेली नाही.

बसल्यावर एक गोष्ट नीट बघा, डब्यांना दारं एकाच बाजूला आहेत. १८६६ मध्ये सरकारचे इन्स्पेक्टर कॅप्टन टायलर लाइन बघायला आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पुलांखाली डबा आणि भिंत यांच्यामध्ये जागा फारच कमी आहे, अडचणीत कोणी दार उघडून उतरायला गेलं तर उतरताच येणार नाही. पूल पाडून परत बांधायचे पैसे कुठून आणणार, म्हणून एका बाजूची दारं कायमची बंद केली आणि पुलांखाली रूळ एका बाजूला सरकवले, म्हणजे दुसऱ्या बाजूला जागा झाली. तेव्हापासून सगळे प्लॅटफॉर्म एकाच बाजूला आणि नंतर आलेल्या डब्यांनाही दारं त्याच बाजूला. पुलाखालून जाताना मान वळवून दोन्हीकडचं अंतर बघा, डोळ्यांनी फरक कळतो.

शिवाय वाचवून आणलेले डबे. ग्लिन व्हॅली ट्रॅमवे १९३५ मध्ये बंद पडल्यावर तिचे दोन डबे लोकांच्या बागेत जाऊन पडले होते, एक तर चर्कच्या पाद्र्यांच्या बागेत. कॉरिसचा एक डबा गोबोवेनच्या एका बागेत मिळाला. नुसते सांगाडे, खाली चाकं नाहीत, चासी नाही. ते उचलून आणले, नवीन चासी केली, कुजलेलं लाकूड बदललं, गेज जुळवलं आणि ते परत माणसं वाहायला लागले, पन्नास-साठच्या दशकात, हातात फार साधनं नसताना. आणि तेही सुट्टीतल्या स्वयंसेवकांच्या मदतीने!

कामाबद्दल. नवीन माणूस गेला की त्याला कोणी लगेच इंजिनावर चढवत नाही आणि ते बरोबरच आहे. फूटप्लेटला, म्हणजे इंजिनात ड्रायव्हर उभा राहतो तिथे, जायचं तर आधी क्लीनर, म्हणजे सकाळी लवकर उठून इंजिन पुसणं, राख काढणं, मग फायरमन, मग कुठे ड्रायव्हर, मध्ये नियमांच्या परीक्षा, मेडिकल, आणि या सगळ्याला वर्षं लागतात. थंड इंजिन एकदम तापवता येत नाही, बॉयलरचं लोखंड आणि तांबं हळूहळू फुगावं लागतं, म्हणून पहिली गाडी सुटायच्या तीनचार तास आधी कोणीतरी काडी लावलेली असते. मी डबे निवडले, कारण आमच्या घरात सुतारकाम होतं, रंधा आणि पटाशी लहानपणापासून हातात.

जुन्या लाकडी डब्याचं दुखणं वरून दिसत नाही. वरचा रंग चकचकीत असतो आणि खालच्या जोडात, दाराच्या तळाशी, खिडकीच्या चौकटीत पाणी मुरून लाकूड आतून भुगा झालेलं असतं. टोकदार सळई हळूच टोचत जायचं, जिथे आत जाते तिथपर्यंत लाकूड गेलं. मग तेवढाच भाग कापून, खाच पाडून, नवीन लाकडाचा जोड द्यायचा, जुनं जितकं ठेवता येईल तितकं ठेवायचं. ही गोष्ट मला तिथल्या एका सत्तरी ओलांडलेल्या काकांनी शिकवली. आख्खी चौकट नवीन करणं सोपं आणि लवकर होतं, पण मग डबा १८६६ चा राहात नाही असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटलं. जुना रंग खरवडताना मास्क लावायचा आणि पॉलिश पेपर ओला करूनच घासायचं कारण खालच्या थरात शिसं असू शकतं. मग प्रायमर, लांबी (पुट्टी) भरणं, परत घासणं, अंडरकोट, परत घासणं, मग वरचे हात. घासण्याला अंत नाही. कंटाळा येत असेल तर हे काम तुमचं नाही, स्पष्ट सांगतो. पण आपण जोड दिलेला दरवाजा उघडून एखादी आजी आत चढून बसते तेव्हा जे वाटतं ते मला ऑफिसात कधी वाटलेलं नाही.

लोक चांगले आहेत. रिटायर्ड इंजिनीयर, शाळेतले मास्तर, नर्स, कॉलेजची पोरं पोरी, सगळे एका टेबलावर चहा पितात. मला इंग्रजीतले हत्यारांचे शब्द सुरुवातीला येत नव्हते, वस्तू हातात घेऊन दाखवायची आणि ते नाव सांगायचे, कोणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत.

दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. एक, पाऊस, सह्याद्रीचा नाही पण दिवसभर चिवट, गार, समुद्रावरून येणारा, चांगलं जॅकेट न्याच. दुसरं, कोळसा. वेल्स म्हणजे कोळसा असं आपण शाळेत शिकलो पण मर्थिर टिडफिलजवळची फोस-इ-फ्रान खाण २०२३ च्या नोव्हेंबरात बंद झाली आणि आता वेल्समधल्या वाफेच्या गाड्यांनाही बाहेरून आलेला कोळसा किंवा दाबून केलेल्या कांड्या जाळाव्या लागतात. धूर वेगळा, आगीची वागणूक वेगळी, महागही. हेरिटेज रेल्वेवाल्यांच्या डोक्याला हा मोठा ताप आहे, त्यामुळे तिकीट जरा जास्त वाटलं तर कुरकुर करू नका, पैसा जातो कुठे ते दिसतंय.

प्रवास तासाभराचा, सव्वासात मैल. वाटेत पेन्ड्रेला शेड आणि वर्कशॉप, डोलगॉखला तीन कमानींचा विटांचा उंच पूल, तिथे उतरून धबधबा बघा आणि पुढच्या गाडीने जा, मग ॲबरगिनॉल्विन, आणि शेवटी नान्त ग्वेर्नोल जिथपर्यंत प्रवासी गाडी १९७६ पासूनच जाते. नावात टॅलिलिन असलं तरी टॅलिलिन तळ्यापर्यंत ही गाडी जात नाही, तळं बघायचं असेल तर वेगळी गाडी करा. पोरं बरोबर असतील तर टाउइन व्हार्फ स्टेशनातलं नॅरोगेज म्युझियम सोडू नका, थॉमस इंजिनाच्या गोष्टी लिहिणाऱ्या रेव्हरंड ऑड्री यांची अभ्यासिका तिथे उभी केलीय. ते स्वतः १९५२ मध्ये इथे गार्ड म्हणून कामाला आले होते, आणि त्यांच्या गोष्टीतली स्कारलोई, रेनियस, पीटर सॅम ही इंजिनं म्हणजे इथलीच एक, दोन आणि चार नंबर. खायला कॅफे आहे, केक आणि सँडविच मिळतं, तिखट-चमचमीत लागणाऱ्यांनी डब्यात पोळीभाजी न्यावी.

तिथे काम करताना मला सारखी आपली शकुंतला आठवते. यवतमाळ-मूर्तिजापूर लाइन, मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होतं, सत्तर वर्षं! आता लाइनच बंद. बार्शी लाइट रेल्वे काढणारे कॅलथ्रॉप, त्यांनी बार्शीचा अनुभव घेऊन इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड लाइन उभी केली, म्हणजे शिकवणारे आपणही होतो. नेरळला इंजिन चौथऱ्यावर उभं आहे, लोक फोटो काढतात, छान आहे, पण त्याच्या आत आग नाही. आपल्याकडे कुर्डुवाडीत, परळमध्ये, नेरळमध्ये वाफेची इंजिनं आणि नॅरोगेजचे डबे दुरुस्त केलेले हात होते, त्यातली जी माणसं आज ऐंशीच्या घरात असतील त्यांच्याजवळ बसून शिकून घेणारी वीस पोरं जरी मिळाली तरी काहीतरी सुरू होईल. टाउइनला १९५० मध्ये याहून जास्त काही नव्हतं. महाराष्ट्रात कोणी असं काही करत असेल किंवा करायची इच्छा असेल तर मला खरंच सांगा, लाकडाचं काम मी येऊन शिकवीन.

जायचं कसं: बर्मिंगहॅमहून थेट ट्रेन आहे, तीन-साडेतीन तास लागतात, पण मखिनलेथला गाडीचे दोन भाग होतात, एक ॲबरिस्टविथला जातो आणि दुसरा किनाऱ्याने पुथ्हेलीकडे. तुम्ही पुथ्हेलीच्या भागातच बसलेले असायला हवेत, चढतानाच गार्डला विचारून घ्या. हिवाळ्यात टॅलिलिनच्या गाड्या रोज नसतात, टाइमटेबल बघून निघा. कामाला जायचं असेल तर आधी मेंबर व्हा, तुम्हाला काय येतं ते ऑफिसला कळवा, काही येत नसेल तर तसंही कळवा, आणि बूट स्टीलच्या टोपीचे घ्या.