पगार येत होता, पण माझ्याच पैशांतून

नोकरीच्या नावाखाली फसवणूक म्हटलं की पैसे घेऊन पळालेला एजंट आणि खोटं ऑफर लेटर डोळ्यांसमोर येतं. आमच्या बाबतीत तसं काहीच नव्हतं. बाणेरला खरं ऑफिस होतं, काचेचं दार होतं, गळ्यात आयकार्ड होतं, आणि महिन्याच्या सात तारखेला खात्यात पगार पडत होता. म्हणून सविस्तर लिहितेय. पुण्यात हा प्रकार अजून जोरात चालू आहे आणि त्यात अडकणारी मुलं चौकशी न करणारी नसतात.

2023 मध्ये आयटीतली भरती आटली होती. मोठ्या कंपन्यांनी कॅम्पसमधून ऑफर दिलेल्या मुलांचंही जॉइनिंग महिनोन्‌महिने लांबवलं होतं. मी बार्शीहून येऊन कर्वेनगरला जावा या प्रोग्रामिंग भाषेचा क्लास केला होता. रूमवरच्या सगळ्याच मुली दिवसभर नोकरीच्या साइट्सवर अर्ज भरत बसायच्या. अशात क्लासमधल्याच एका मुलीने एका ‘दादा’चा नंबर दिला. दादा सोलापूर जिल्ह्यातलाच, बोलायला गोड. म्हणाला, “अगं, ही फी नाही, सिक्युरिटी डिपॉझिट आहे. पोरं ट्रेनिंग घेतात आणि सोडून जातात, म्हणून घेतात. वर्ष झालं की परत.” डिपॉझिट 1,80,000 रुपये. निम्मे खात्यावर, निम्मे रोख. बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं.

त्याआधी आम्ही काय तपासलं नव्हतं? कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नाव टाकलं, कंपनी नोंदलेली निघाली. जीएसटी नंबर खरा निघाला. ऑफिस डोळ्यांनी पाहिलं, आत तीस-चाळीस मुलं लॅपटॉपवर बसलेली. पण त्याच साइटवर, फुकटात, कंपनीच्या स्थापनेची तारीख आणि भरणा झालेलं भांडवलही दिसतं. आमची कंपनी वर्षभराचीही नव्हती आणि भांडवल होतं 1 लाख. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायला फार पैसे लागत नाहीत. नोंदणी खरी असणं म्हणजे धंदा खरा असणं नव्हे.

आत गेल्यावर रोज दहाला स्टँड-अप, म्हणजे कामाचा आढावा घेणारी छोटी मीटिंग. ‘क्लायंट अमेरिकेतला आहे’ असं सांगायचे. त्याचा कॉल दर आठवड्याला ठरायचा आणि ऐनवेळी रद्द व्हायचा. प्रोजेक्ट म्हणजे एक ऑनलाइन दुकान. एकदा त्याची एक जुनी फाइल उघडली, तर वरच्या कमेंटमध्ये परराज्यातल्या कुठल्याशा इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव आणि ‘फायनल इयर प्रोजेक्ट’ असं लिहिलेलं. टीम लीडला दाखवलं तर तो हसला आणि म्हणाला, “ती ओळ काढून टाक.”

आता पगाराचं. स्लिपवर एकूण 20,000. त्यातून पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200. हातात 18,000. दिसायला अगदी चोख. पण महाराष्ट्रात 1 एप्रिल 2023 पासून महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना व्यवसाय कर माफ आहे. म्हणजे ती स्लिप कुणाच्या तरी जुन्या साच्यात नाव बदलून छापलेली होती. पीएफची गंमत तर आणखी मोठी. स्लिपवर नंबर होता, पण उमंग या सरकारी अ‍ॅपवर माझ्या आधारला कुठला यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, जोडलेलाच नव्हता. एचआर मॅडम म्हणायच्या, “पोर्टल अपडेट व्हायला वेळ लागतो गं.” वेळ कसला? मागच्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावाच लागतो. शिवाय पगार कंपनीच्या खात्यातून येतच नव्हता. पासबुकात एका माणसाचं नाव दिसायचं, बचत खातं.

कोडं नंतर सुटलं. दर महिन्याला नवी बॅच यायची, तिच्या डिपॉझिटमधून जुन्यांचे पगार निघायचे. मला मिळालेले पगार जमेस धरले तरी ते माझ्याच डिपॉझिटच्या निम्म्याच्या आसपास भरतात. बाकीचे त्यांच्याकडे, वर आमचं फुकट काम. नवी मुलं येणं कमी झालं तसा पगार लांबायला लागला. आधी बँकेचा सर्व्हर, मग फंडिंग अडकलंय, मग एका सोमवारी दाराला कुलूप आणि बाहेर भाडं थकल्याचं सांगत उभा असलेला जागामालक.

कुणी आधीच ओरड का केली नाही? अनुभवाच्या दाखल्यापायी. बाहेर नोकऱ्या नाहीत, त्यात भांडलो तर एक्स्पीरियन्स लेटर अडकवतील, ही भीती प्रत्येकाला होती, आणि मॅडम ती बरोबर वापरायच्या. गंमत अशी की ज्या कागदासाठी सगळे गप्प बसले, त्याची किंमत शून्य होती. पुढच्या कंपनीत पडताळणी झाली तेव्हा मला यूएएनची सर्व्हिस हिस्टरी, म्हणजे आधीच्या नोकऱ्यांची पीएफकडची नोंद, मागितली. ती कोरी. लेटरवरच्या एचआरच्या मेलवर पाठवलेलं पत्र परत आलं. माझी ऑफर थांबली. माझ्या शेजारी बसणारा मुलगा तर दुसरीकडे रुजू होऊन कामाला लागला होता, पडताळणीचा अहवाल आला आणि त्याला घरी पाठवलं. त्या कंपनीच्या लेखी खोटा अनुभव दाखवणारा तोच.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं ते, “ताई, पैसे तुम्ही मर्जीने दिलेत, ही दिवाणी बाब आहे.” एकेकटे गेलो तेव्हा सगळ्यांना हेच उत्तर. एकत्र गेलो, प्रत्येकाच्या बँक स्टेटमेंटवर तीच दोन खाती दाखवली, तेव्हा अर्ज आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. 1 जुलै 2024 पासूनच्या फसवणुकीला जुनं 420 नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, अर्जात तेच लिहा. रोख दिलेल्या निम्म्या रकमेला आमच्याकडे दादाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘मिळाले’ या उत्तराशिवाय पुरावा नाही. रोख का मागितली, ते तेव्हा उमगलं.

सध्या अशा कुठल्या ऑफिसात बसला असाल, तर दार उघडं आहे तोवर कामं उरका. पगार कुणाच्या नावाने येतो त्याचं स्टेटमेंट काढा, स्लिपा आणि ऑफिसचे मेल स्वतःच्या मेलवर घ्या, बॅचमधल्या सगळ्यांचे नंबर लिहून ठेवा. मूळ मार्कशीट जमा करून घेतली असेल तर बँकेच्या कर्जाचं कारण सांगून ती आधी परत मागा. आमच्यातल्या दोघींच्या मार्कशीट त्या कुलपाआड राहिल्या आणि आता त्या विद्यापीठात दुय्यम प्रतीसाठी खेटे घालताहेत.