संक्रांत ते श्रावण : १६६० सुपर काढून ४०६० बसवल्यानंतर

पीसीतलं जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड काढून आरटीएक्स ४०६० बसवलं ते २०२५ च्या संक्रांतीच्या सुमारास. आता श्रावण लागलाय. मधल्या काळात डोंबिवलीचा घामट मे महिना झाला, दोन-तीन मोठे गेम संपवून झाले, आणि मित्रमंडळींत "घेऊ का रे मी पण?" हा प्रश्न बऱ्याचदा आला. मी आधी उलट विचारतो, खेळतोस काय? उत्तर व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ एवढंच असेल तर पैसे खिशात ठेव.

मशीन असं आहे : रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा पॉवर सप्लाय, ६०० व्हीएचा यूपीएस आणि २४ इंची १०८०पी, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. २०१९-२०च्या सुमारास ज्यांनी मध्यम बजेटमध्ये पीसी जुळवला त्यांच्याकडे थोड्याफार फरकानं हेच निघेल, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

१६६० सुपर हळू झालं होतं का? तसं नाही. मीडियम सेटिंगला ते अजूनही बरेचसे गेम रेटत होतं. अडलं ते दुसरीकडे. डिसेंबर २०२४ मध्ये इंडियाना जोन्सचा गेम आला आणि त्यानं रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र रंगवायचं) हार्डवेअर नसलेल्या कार्डांना दारातच थांबवलं. सेटिंग कमी करून भागवायची सोयच नाही. मे २०२५ मध्ये डूमच्या नव्या भागानंही तेच केलं. १६ मालिकेत रे ट्रेसिंगचे वेगळे कोअर नाहीत, त्यामुळे पुढे असे गेम वाढत जाणार हे उघड होतं. ज्यांच्याकडे त्याआधीच्या पिढीचं १०६० आहे त्यांचं तर आणखी एक : ऑक्टोबर २०२५ नंतर त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणार नाहीत, फक्त सुरक्षेचे अपडेट येत राहतील, असं ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हीडियानं २०२५ मध्ये जाहीर केलं.

पैसे काढण्याआधी मी एक काम केलं आणि ते प्रत्येकानं करावं. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबतचं रिव्हाट्यूनर हे सॉफ्टवेअर टाकायचं, स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर किती टक्के आहे ते दिसू द्यायचं आणि नेहमीचे गेम नेहमीसारखे खेळायचे. आकडा ९५ च्या वर टिकून असेल तर कार्ड दमलंय. साठ-सत्तरवर रेंगाळत असेल आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) तरीही वाढत नसतील, तर अडथळा प्रोसेसरचा आहे. खात्री करायची तर रिझोल्यूशन ७२०पी करून बघा. एफपीएस वाढले तर कार्ड बदलून उपयोग आहे, जागचे हलले नाहीत तर नाही. माझ्याकडे सायबरपंकमध्ये कार्ड ९८-९९ वर आणि व्हॅलोरंटमध्ये जेमतेम पन्नाशीला. निर्णय तिथेच निम्मा झाला. आणि हो, मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर आधी तो बदला. कार्डानं शंभर फ्रेम काढल्या तरी तो साठच दाखवणार.

मग ४०६०च का? कारण वॅट. १६६० सुपर १२५ वॅटचं, ४०६० ११५ वॅटचं. लॅमिंग्टन रोडवर फिरलो तेव्हा दोन दुकानदारांनी पॉवर सप्लायही बदलून घ्या म्हणून आग्रह धरला. कागदावर त्यांचं बरोबर आहे, कंपनी ५५० वॅटची शिफारस करते. पण आधीच्या कार्डापेक्षा कमी खाणाऱ्या कार्डासाठी चांगल्या स्थितीतला ४५० वॅटचा सप्लाय का काढायचा? तोच ठेवला आणि आजवर मशीन एकदाही बंद पडलेलं नाही. स्वस्तातला, बिननावाचा सप्लाय असेल तर मात्र दुकानदाराचं ऐका.

यूपीएसचा हिशेबही यातच येतो. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून दोनदा डोळा मारते, आणि गेम चालू असताना यूपीएसनं भार पेलला नाही तर सेव्ह गेलीच म्हणून समजा. वापरलेलं ३०६० मला बरंच स्वस्त मिळत होतं, १२ जीबी मेमरीसह. ते १७० वॅटचं. वीजबिलाच्या दृष्टीनं हा फरक किरकोळ आहे, रोज तीन तास खेळलात तर महिन्याला पाचेक युनिट. यूपीएसच्या दृष्टीनं तो किरकोळ नाही. शिवाय त्या कार्डाला खरेदीचं बिल नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर सतत गणितं चालवून नाणी कमावणं) बंद झाल्यावर अशी पुष्कळ कार्डं बाजारात आली, आणि त्यांचे पंखे, थर्मल पॅड कुठल्या अवस्थेत आहेत हे उघडल्याशिवाय कळत नाही. न्यू जर्सीतला मावसभाऊ येताना आणतो म्हणाला होता, तेही टाळलं. तिकडच्या कार्डाची वॉरंटी इथे चालेल की नाही हे ब्रँडवर ठरतं. इथे सुमारे अठ्ठावीस हजार गेले, पण जीएसटी बिल आणि तीन वर्षांची वॉरंटी हातात आहे.

आता अनुभव. सायबरपंक मीडियमला पन्नासच्या घरात चालायचं, ते हाय सेटिंग आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयनं मोठं करायचं एनव्हीडियाचं तंत्र) क्वालिटीवर पंचाहत्तर-ऐंशीला गेलं. पण त्यातल्या डॉगटाउन भागात बाजाराच्या गर्दीत शिरलं की साठवर येतं, आणि तेव्हा कार्डाचा वापर सत्तर टक्क्यांवर घसरलेला दिसतो. तिथे ३६०० चा दम संपतो. सेटिंग वर करा, खाली करा, फरक शून्य. व्हॅलोरंटमध्ये अपेक्षेप्रमाणे काहीही बदललं नाही.

डीएलएसएसबद्दल मी साशंक होतो. १०८०पीवर क्वालिटी मोड म्हणजे आत ७२०पीच चित्र रंगवलं जातं. जुन्या कार्डावर एफएसआर २ हे एएमडीचं तसंच तंत्र वापरायचो, तेही त्याच हिशेबानं चालतं, पण जाळीचं कुंपण, झाडाची पानं, केस सतत लुकलुकत राहायचे. इथे ते जवळपास थांबलं. वर कार्ड घेऊन पंधरा-वीस दिवस होतात तोच डीएलएसएस ४ चं नवं मॉडेल सगळ्या आरटीएक्स कार्डांना फुकट मिळालं आणि तारा, कठडे आणखी स्पष्ट झाले. माझ्या मते या कार्डाची निम्मी किंमत या एका गोष्टीची आहे. फ्रेम जनरेशनचं, म्हणजे खऱ्या फ्रेमांच्या मध्ये कार्डानं स्वतः बनवलेल्या फ्रेम घालण्याचं, मात्र कौतुक करवत नाही. मुळात साठ फ्रेम येत असतील तर ते छान गुळगुळीत करतं, पण चाळीसवर लावलं की आकडा मोठा दिसतो आणि माउस चिखलात चालल्यासारखा वाटतो.

आणि आता ज्या गोष्टीवर दुकानात कोणी बोलत नाही ती : ८ जीबी मेमरी आणि आठ लेन. कार्ड आणि बोर्ड यांच्यातली माहिती पीसीआयई नावाच्या रस्त्यावरून जाते. १६६० सुपर त्याच्या सोळा लेन वापरायचं, ४०६० आठच वापरतं. पीसीआयई ४.० च्या बोर्डावर त्यानं बिघडत नाही, कारण प्रत्येक लेन दुप्पट वेगानं धावते. माझा बी४५० मात्र ३.० चा आहे. म्हणजे नव्या कार्डाला जुन्याच्या निम्माच रस्ता, सेकंदाला जेमतेम ८ जीबी. सगळं सामान कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावतंय तोवर हे जाणवतही नाही, तिथला वेग सेकंदाला २७२ जीबी आहे. (जुन्याचा ३३६ होता, पण ४०६० मध्ये २४ एमबी कॅश (चिपमधलीच छोटी, जलद मेमरी) देऊन तो खड्डा भरलाय.) मेमरी भरली आणि उरलेलं सामान रॅममधून आणायची वेळ आली, की जलद लोकलमधून उतरून स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभं राहिल्यासारखं होतं.

इंडियाना जोन्समध्ये हे डोळ्यांनी पाहिलं. टेक्स्चर पूल (पृष्ठभागांच्या चित्रांसाठी राखायच्या मेमरीची सेटिंग) वर नेला की व्हॅटिकनच्या आवारात गेम अक्षरशः गोठायचा. एक-दोन पायऱ्या खाली आणला की तोच गेम साठच्या वर मख्खन. फ्रेम जनरेशन चालू केलं तर तेही मेमरी मागतं, म्हणजे काठावरच्या ८ जीबीवर आणखी ओझं. ब्राउझरचे टॅब आणि डिस्कॉर्ड बंद करून थोडी जागा मिळते, ती मी मिळवतो. मेमरीच्या बाबतीत वापरलेलं ३०६० इथे सरळ पुढे आहे, १२ जीबी आणि सोळा लेन. ज्यांचा पॉवर सप्लाय आणि यूपीएस दणकट आहे आणि बिलासकट कार्ड मिळतंय, त्यांनी ते जरूर बघावं.

"थांबायचं होतंस, ५०६० आलं की!" हे मे महिन्यापासून ऐकतोय. ते वीसेक टक्के वेगवान आहे, पण १४५ वॅटचं, मेमरी पुन्हा ८ जीबी आणि लेन पुन्हा आठच. माझ्या बोर्डावर त्याचीही तीच अडचण झाली असती. १६ जीबीचं ५०६० टीआय हे खरं पुढचं पाऊल, पण त्याच्या किमतीत माझा अर्धा पीसी नवा होतो.

उन्हाळ्यात खोली तेहतीस-चौतीस अंश असताना कार्ड बहात्तर-त्र्याहत्तरपर्यंत गेलं. एफपीएस नव्वदवर बांधून ठेवले की वापर ऐंशीएक वॅटवर येतो आणि पंख्यांचा आवाज घरच्या पंख्यात विरून जातो. रे ट्रेसिंग सक्तीचं नसेल तिथे मी बंदच ठेवतो. बायको व्हिडिओ एडिट करते, तिला कार्डातल्या एव्ही१ एन्कोडरमुळे (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या भागामुळे) फायली लहान मिळायला लागल्या, हा अनपेक्षित नफा.

पुढचा खर्च प्रोसेसरवर. याच बोर्डावर रायझन ७ ५७००एक्स३डी बसतो, फक्त आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्यावं लागतं. आणि ते काम जुना ३६०० बोर्डावर असतानाच उरका, नाहीतर नवा बसवल्यावर स्क्रीन काळीच राहायची.