भुसावळातील जुन्या रेकॉर्ड्सचे दुकान आणि बिली हॉलिडे

भुसावळ स्थानकापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या घराच्या ओसरीत चालणाऱ्या या दुकानाला पाटी नाही. नाट्यसंगीत आणि हिंदी चित्रपटगीतांच्या गठ्ठ्यांमागे जॅझच्या मोजून नऊ रेकॉर्ड्स होत्या. रेल्वे वसाहत सोडून जाणाऱ्या अँग्लो-इंडियन कुटुंबांकडून त्या आपल्या वडिलांनी घेतल्या होत्या, असे दुकानदारांनी सांगितले. त्यांतून मी अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे यांची १९५८ सालची ‘लेडी इन सॅटिन’ ही एल.पी. १,८०० रुपयांना घेतली.

दुकानदारांचा प्रामाणिकपणा प्रथम नोंदवला पाहिजे. “दादा, दुसऱ्या बाजूला ओरखडा आहे, आधी ऐकून घ्या,” असे त्यांनी स्वतःहून सांगितले आणि सुई टेकवली. खरखर दोन ठिकाणीच आहे. मात्र कव्हरला वाळवी लागलेली असताना किंमत शंभर रुपयांनीही कमी झाली नाही, हे पटले नाही.

या किमतीतला एक पैसाही गायिकेच्या वारसांना मिळणार नाही, कारण जुन्या मालाचा व्यवहार तसाच असतो. पण हॉलिडे यांच्या बाबतीत नव्या मालाचीही गत फारशी वेगळी नव्हती. १९३५ पासून टेडी विल्सन यांच्या वाद्यवृंदासह त्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे पुढे अजरामर ठरली, परंतु त्यांचा मोबदला ठोक रकमेत मिळाला, रॉयल्टी नाही. खरा फटका १९४७ नंतर बसला. अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर न्यूयॉर्क पोलिसांनी त्यांचे कॅबरे कार्ड काढून घेतले आणि ज्या क्लबांत मद्य विकले जाते तेथे गाण्याचा परवाना त्यांना उरला नाही. तुरुंगातून सुटल्यानंतर काही दिवसांतच, २७ मार्च १९४८ रोजी, त्यांच्या मैफलीला न्यूयॉर्कमधील कार्नेगी हॉल हे सभागृह खचाखच भरले. तरी अशी एखादी मैफल म्हणजे बोनस, आणि क्लबचे रोजचे काम म्हणजे पगार, हे रेल्वेच्या गावात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १७ जुलै १९५९ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले तेव्हा बँकेत ७० सेंट होते.

आता रेकॉर्डविषयी. संगीत संयोजक रे एलिस यांच्या वाद्यवृंदातील व्हायोलिनच्या गुळगुळीत साथीवर तो घोगरा, थकलेला आवाज आधी विसंगत वाटतो. माझ्या पत्नीने तर पाचव्या मिनिटाला आवाज कमी करायला सांगितले. मला मात्र हीच विसंगती आवडली. सूर जिथे तुटतो तिथेही शब्द नेमक्या मात्रेच्या किंचित मागे पडतो, आणि हे कसब अखेरपर्यंत शाबूत होते.

दुकानदार फक्त रोख रक्कम घेतात, पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि रेकॉर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, त्यामुळे जाताना जाड पुठ्ठा सोबत न्यावा. उरलेल्या आठांतली एक पुढच्या महिन्यापर्यंत बाजूला ठेवण्याचे त्यांनी कबूल केले आहे.